समुद्रातली बुरशी फ्रीजमध्ये मरू देऊ नका

प्रति,
मा. सचिव, पृथ्वी विज्ञान मंत्रालय
मा. सचिव, जैवतंत्रज्ञान विभाग
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : सागरी बुरश्यांवरील औषध-संशोधनात जिवंत नमुन्यांची होणारी हेळसांड

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. आता निवृत्त आहे. समुद्रातल्या बुरशीपासून औषध मिळेल का, हा माझ्या कामाचा मुख्य प्रश्न होता आणि माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचा विषयही. ते प्रबंध आज ग्रंथालयात नीट बांधून ठेवलेले आहेत. ज्या बुरश्यांवर ते लिहिले, त्यांतल्या बहुतेक जिवंत नाहीत.

सार्वजनिक पैशातून प्रकल्प मंजूर होतो, शोधनिबंध छापून येतो, ‘जीवाणूरोधक गुण आढळला’ असे त्यात लिहिलेले असते. मग प्रकल्पाची मुदत संपते आणि ज्या जिवात तो गुण होता, तो जीव फ्रीजमधल्या नळीत वाळून मरतो. हे एकट्या आमच्या महाविद्यालयाचे दुखणे असते तर मी प्राचार्यांना अर्ज करून थांबले असते. पण गोव्यापासून केरळपर्यंतच्या सहकाऱ्यांकडून मी हेच ऐकत आले आहे. जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मान्यता दिली, तिची पाच वर्षांची मुदत २०२६ मध्ये भरते. ऑगस्ट २०२४ च्या ‘बायोई३’ या जैवतंत्रज्ञान धोरणातही सागरी संशोधनाला जागा दिलेली आहे. पुढच्या आखणीत हा प्रश्न सुटायला हवा, म्हणून लिहिते आहे. आणि उघडपणे लिहिते आहे, कारण पैसा लोकांचा आहे आणि किनाराही.

ज्यांनी हा विषय कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. खाडीत पडून राहिलेला तिवराचा ओंडका, जुन्या होडीची कुजलेली फळी, भरतीबरोबर आलेले कुठलेही लाकूड उचलून ओलसर डब्यात ठेवले, तर काही आठवड्यांत त्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या काळ्या कुप्या उगवतात. ही सागरी बुरशीची फळे. कोरोलोस्पोरा नावाची बुरशी तर वाळूच्या कणांना धरून फळते. तिच्या बीजाणूंना बारीक उपांगे असतात, त्यामुळे ते लाटेच्या फेसात अडकतात आणि किनाऱ्यावरचा फेस बाटलीत भरून आणला तरी सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. काही बुरश्या स्पंजांच्या शरीरात, काही शैवालांवर, काही हजारो मीटर खोल गाळात राहतात. खारे पाणी, अन्नाचा तुटवडा आणि भोवती जीवाणूंची दाटी, अशा जागी टिकण्यासाठी त्या जी रसायने बनवतात, त्यांतली काही आपल्या रोगजंतूंवर आणि कर्कपेशींवरही परिणाम करतात. एवढाच या विषयाचा पाया आहे, पण तो पक्का आहे.

पक्का म्हणते, कारण त्याचा पुरावा प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात आहे. १९४५ साली इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, कॅल्यारी शहरात, जुझेप्पे ब्रोत्झू नावाच्या आरोग्यशास्त्राच्या प्राध्यापकाने शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळते तिथल्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिचा अर्क विषमज्वराच्या जंतूंना रोखत होता. युद्धानंतरचे दिवस, हाताशी साधने नाहीत. त्याने १९४८ मध्ये एका छोट्या स्थानिक नियतकालिकात आपले निष्कर्ष छापले आणि बुरशी ऑक्सफर्डला पाठवली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी हे प्रतिजैविक वेगळे काढले. त्या रेणूत फेरफार करून बनवलेले पहिले औषध १९६४ मध्ये बाजारात आले. आज मुलाला ताप आला की लिहून दिली जाणारी सेफिक्झिमची गोळी आणि रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे सेफ्ट्रायाक्झोन ही त्याच घराण्यातली औषधे. ही बुरशी अस्सल समुद्रातली की सांडपाण्यातून आलेली, यावर अभ्यासक वाद घालतात आणि तो वाद रास्त आहे. मला मात्र त्या कथेतली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ब्रोत्झूचा निबंध फारसा कोणी वाचला नसता, तरी बुरशी जिवंत पोचली होती. आपल्याकडे उलट होते. निबंध जगभर पोचतो आणि बुरशी कपाटातच मरते.

माझा या विषयाशी असलेला संबंध फक्त नोकरीपुरता नाही. २०२१ मध्ये करोनातून उठलेल्या मधुमेही रुग्णांना म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने गाठले, त्यांत माझे धाकटे दीर होते. अँफोटेरिसिन बी या इंजेक्शनसाठी आमच्या घरातली माणसे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात धावत होती. दीर वाचले; एक डोळा गेला. त्या दिवसांत लोक मला विचारत, बुरशीवर एवढी कमी औषधे का? कारण बुरशीची पेशी माणसाच्या पेशीच्या बरीच जवळची आहे. तिला मारणारे विष बहुधा आपल्यालाही बाधते. त्यामुळे बुरशीविरोधी औषधांचे मुख्य वर्ग बोटांवर मोजण्याइतके आहेत. अँफोटेरिसिन व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळाले. कॅस्पोफंगिनचे मूळ स्पेनमधल्या लोझोया नदीकाठी सापडलेल्या एका बुरशीत आहे, म्हणजे बुरशीवरचे औषध बुरशीनेच दिले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरश्यांची पहिली प्राधान्ययादी काढली, तिच्यात म्युकरच्या गटाचाही समावेश आहे. नवी औषधे निसर्गातून शोधायची तर समुद्र हा सर्वांत कमी चाळलेला भाग आहे, आणि आम्ही त्याच्या काठावर राहतो.

हे आपल्याला जमणार नाही, असेही नाही. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. त्या जीवाणूच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे. सार्वजनिक पैशावर चालणारी प्रयोगशाळा, जवळचा नमुना, त्याला जपणारी माणसे आणि शेजारीच रसायनतज्ज्ञ, हे सगळे एका आवारात होते.

आता तक्रारी सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार जिवंत कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी, टिकवण्याबद्दल आहे. बुरशी स्लँटवर, म्हणजे नळीतल्या तिरक्या पोषक माध्यमावर, ठेवली तर काही महिन्यांनी नव्या माध्यमावर घ्यावी लागते. ते काम एम.एस्सी.चे विद्यार्थी करतात. विद्यार्थी गेला, उन्हाळ्याची सुट्टी लागली, कोकणात वादळात चार दिवस वीज गेली, की अर्धा संग्रह संपतो. आमच्याकडे शेवटी विभागाची जागा बदलली तेव्हा जुना डीप फ्रीजर निर्लेखित झाला आणि त्यातल्या नळ्या कचऱ्यात गेल्या. लॅब असिस्टंटचे पद त्याआधीच रिकामे होते. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. संग्रह सांभाळणे हे कोणाचेच काम नव्हते, म्हणून ते झाले नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात रसायने, काचसामान, प्रवास, आकस्मिक खर्च असे रकाने होते. मुदतीनंतर जीव टिकवण्याचा रकाना मी कधी पाहिला नाही.

हे टाळण्याची सोय देशात आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटते. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा आहे. राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही पुण्यातच आहे आणि चंडीगडला एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. तिथे बुरशी गोठवून किंवा शीतशुष्क करून वर्षानुवर्षे जिवंत ठेवता येते. पण तिथे पोचवण्याची सक्ती नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी प्रजाती सापडली तर तिचा नमुना अधिकृत भांडारात द्यावा लागतो. औषधी गुण दाखवणारी बुरशी मात्र बहुतेक वेळा नवी प्रजाती नसते. ती ॲस्परजिलस किंवा पेनिसिलियमच्या ओळखीच्या प्रजातीचा एखादा वेगळा स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, असते, आणि रसायन बनवण्याची क्षमता स्ट्रेनमध्येच असते. त्याच प्रजातीची दुसरी बुरशी दुसऱ्या खाडीतून आणली तर ते रसायन मिळेलच याची खात्री नाही. म्हणजे जी बुरशी हरवली तर शोधच हरवतो, नेमकी तीच जपण्याचे बंधन कोणावर नाही.

दुसरी तक्रार काम अर्ध्यावर सुटण्याची आहे. आमच्यासारख्या ठिकाणी इथाइल ॲसिटेटमध्ये अर्क काढतात, प्लेटवर जंतू पसरतात आणि अर्काभोवती किती मिलिमीटर जागा मोकळी राहिली ते मोजतात. त्यावर निबंध होतो. पण त्या अर्कात नेमका कोणता रेणू आहे? तो आधीच माहीत असलेला असू शकतो. तो ग्लायोटॉक्सिनसारखा साधा विषारी पदार्थही असू शकतो, जंतूबरोबर माणसालाही मारणारा. हे ठरवायला एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमीटर ही रेणूची रचना ओळखणारी यंत्रे लागतात, ते चालवणारा माणूस लागतो आणि सर्वांत आधी वेळ लागतो. बुरशीच्या जनुकांतली रसायने बनवणारी कितीतरी यंत्रणा प्रयोगशाळेत झोपलेलीच राहते. मिठाचे प्रमाण बदला, माध्यम बदला, शेजारी एखादा जीवाणू वाढवा, मग ती जागी होते. पेस्टालोन हा रेणू मिळाला तो सागरी बुरशी एका जीवाणूसोबत वाढवल्यावर. एकटी असताना ती तो बनवत नव्हती. असे प्रयोग तीन वर्षांच्या अनुदानात बसत नाहीत. त्यामुळे तोच पहिला टप्पा आपण नव्या नव्या महाविद्यालयांत पुन्हा पुन्हा करून घेतो आणि दुसऱ्या टप्प्यावर फार थोडे जण पोचतात.

इथेच एक सांगून ठेवते. असले अर्धवट निष्कर्ष वाचून कोणी समुद्री बुरशीची कॅप्सूल विकायला आला तर घेऊ नका. प्लेटवर दिसलेला गुण आणि माणसाला देता येणारे औषध यांत कित्येक वर्षांच्या चाचण्यांचे अंतर असते.

तिसरी तक्रार, बुरशी ओळखणाऱ्या माणसांची. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या सागरी बुरश्यांच्या नोंदी बी. डी. बोरसे यांनी १९८० च्या दशकापासून केल्या. गोव्यात, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, शेषगिरी आणि चंद्रलता रघुकुमार यांनी हा विषय देशात उभा केला. चागोस खंदकात सुमारे ५,९०० मीटर खोलीवरून काढलेल्या गाळातून, लाखो वर्षांपूर्वी साचलेल्या थरांतून, त्यांच्या गटाने बुरश्या जिवंत वाढवून दाखवल्या. लक्षद्वीपच्या कुजत्या सागरी गवतावर मिळालेली फ्लॅव्होडॉन फ्लेव्हस ही बुरशी मळीवर चालणाऱ्या आसवन्यांच्या, म्हणजे मद्यार्क कारखान्यांच्या, स्पेंटवॉश या सांडपाण्याचा काळा रंग घालवते, हेही त्यांचेच काम. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. एवढा वारसा असताना आज कोकणातल्या विद्यार्थ्याने लाकडावरची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली तर ‘ही अमुक’ असे सांगणारी माणसे फार थोडी उरली आहेत. डीएनएवरून नाव काढून मिळते, पण ॲस्परजिलस आणि पेनिसिलियममध्ये डीएनएच्या एकट्या आयटीएस या भागावर विसंबून प्रजाती ठरत नाही, आणि त्या घाईतून चुकीची नावे छापली जातात.

चौथी तक्रार किनाऱ्याची आहे. खोल समुद्राबद्दल मला आदर आहे. मत्स्य-६००० पाणबुडी माणसांना सहा हजार मीटरवर नेणार याचा अभिमानही आहे. पण गुडघाभर चिखलात मिळणारी संपत्ती खोल समुद्र मोहिमेच्या चौकटीबाहेर राहते, आणि नाहीशी होण्याचा धोका तिलाच जास्त आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला बंदी घातली आणि सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांना न्यायालयाच्या परवानगीची अट घातली. परवानगी मिळाली की झाडे मोजली जातात, पर्यायी लागवड ठरते. त्या झाडांच्या खोडांत, मुळांत, चिखलात कोणत्या बुरश्या होत्या, हे कोणी विचारत नाही. आणि दुसरीकडे, मेलेल्या तिवराची पडलेली फांदी उचलायची परवानगी मिळेपर्यंत विद्यार्थ्याचे शैक्षणिक वर्ष संपते. संरक्षण हवेच. मेलेल्या लाकडाचा वीतभर तुकडा मात्र आठवड्याभरात मिळायला हवा.

यावर आपल्या कार्यालयातून एक रास्त प्रश्न येईल: इतक्या वर्षांत सागरी बुरशीपासून औषधे किती झाली? खरे उत्तर देते. सेफॅलोस्पोरिननंतर एवढे मोठे यश मिळालेले नाही. समुद्रातल्या हॅलिमेडा या हिरव्या शैवालावर मिळालेल्या ॲस्परजिलसच्या रेणूवरून प्लिनाब्युलिन तयार झाले. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात, त्यावर ते तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेले. २०२१ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका चाचणीचा पुरावा पुरेसा नाही म्हणून मान्यता नाकारली. वाट लांब आणि खर्चिक आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, हेही त्याच वेळी समोर ठेवावे लागते. वाट लांब असेल तर पहिल्याच मुक्कामावर सामान फेकून देणे आणखी महाग पडते. आज बुरशी जपली तर वीस वर्षांनी, चांगली यंत्रे आल्यावर, कोणीतरी तिच्याकडे परत जाऊ शकेल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

सार्वजनिक पैशातून झालेल्या कामात ज्या बुरशीबद्दल औषधी गुणाचा दावा छापला जाईल, ती बुरशी राष्ट्रीय संग्रहात जमा केल्याचा क्रमांक असल्याशिवाय प्रकल्पाचा शेवटचा हप्ता देऊ नये. जमा करण्याचा खर्च अनुदानातच धरावा, आणि वाढणारा भार पेलण्यासाठी पुण्याच्या आणि चंडीगडच्या संग्रहांना कायमस्वरूपी माणसे द्यावीत. कंत्राटी माणूस वर्षाने जातो आणि पुन्हा तेच घडते.

आधी झालेल्या कामाचा शोध घ्यावा. गेल्या तीस-चाळीस वर्षांत किनारी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत वेगळ्या केलेल्या किती सागरी बुरश्या अजून जिवंत आहेत, याची पाहणी एका वर्षात करून ती यादी लोकांसमोर ठेवावी. जे मेले त्याचीही नोंद त्यात असावी.

कोकण आणि गोव्यासाठी एक सामायिक रसायन-विश्लेषण केंद्र द्यावे, जिथे महाविद्यालयांना अर्क पाठवून ‘हा रेणू जुना की नवा’ एवढे उत्तर ठरलेल्या मुदतीत मिळेल. ज्यांचे उत्तर ‘नवा’ येईल त्यांना पुढच्या कामासाठी किमान सात वर्षांचे अनुदान असावे, दर टप्प्यावर कठोर तपासणी करून.

बुरशीवर्गीकरणाच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्त्या आणि पदे निर्माण करावीत.

खोल समुद्र मोहिमेच्या पुढच्या टप्प्यात खाड्या, कांदळवने आणि प्रवाळ यांतल्या सूक्ष्मजीवांचा स्पष्ट उल्लेख आणि वेगळा निधी असावा. जिथे न्यायालयाच्या परवानगीने कांदळवन तोडले जाणार आहे, तिथे तोडीआधी सूक्ष्मजीवांचे नमुने घेऊन संग्रहात ठेवण्याबद्दल राज्यांच्या वन विभागांशी आपण बोलावे, आणि मृत लाकडाच्या छोट्या नमुन्यांसाठी सोपी परवानगीही त्यातच ठरवून घ्यावी.

आणि ज्या गावाच्या खाडीतून नमुना घेतला, त्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला मराठीत लिहिलेले एक पान मिळावे: काय नेले, कशासाठी, पुढे काय झाले. उद्या त्यातून काही मिळाले तर कायद्याप्रमाणे लाभात वाटा मागायला गावाकडे निदान एक कागद असेल. आमच्या मच्छीमार बांधवांनी कधी होडीतून नेले, कधी चिखलात वाट दाखवली. आपण कशाला मदत केली हे त्यांना कोणी परत येऊन सांगितलेले नाही.

या पत्राचे उत्तर जाहीर द्यावे, ही विनंती. माझ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या मी जपून ठेवल्या आहेत: कोणत्या खाडीतून, कोणत्या झाडाच्या लाकडावरून, कोणत्या महिन्यात कोणती बुरशी मिळाली आणि तिने कोणत्या जंतूला रोखले. आपण ज्या संस्थेचे नाव सांगाल तिला त्यांच्या प्रती मी स्वखर्चाने पोचवीन. त्याच जागांवर पुन्हा नमुने घ्यायला तरुण संशोधक येणार असतील, तर ओहोटीच्या वेळा पाहून त्यांच्याबरोबर खाडीत उतरायला मी तयार आहे.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
जि. रत्नागिरी